विष गाड्या भरून, उतारा मात्र मोजून

वेस्ट व्हर्जिनिया,
रविवार

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेसारख्या एवढ्या श्रीमंत देशात, औषध उपलब्ध असताना माणसं नशेपायी मरतात कशी, असं तू विचारलंस. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं राज्य म्हणजे डोंगर आणि कोळशाच्या खाणी. वस्ती जेमतेम 18 लाखांची. इथे नशा आधी आली ती गल्लीबोळातून नाही, औषधाच्या दुकानातून, रीतसर पावतीसह. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक बाजारात आलं. त्याची सवय कमी लागते असं कंपनीची माणसं डॉक्टरांना पटवत फिरली. 2007 मध्ये कंपनीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. खाणीत पाठ धरलेल्या माणसाला गोळी हवीच असते रे. विल्यमसन नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या दोन दुकानांत दहा वर्षांत दोन कोटींहून जास्त गोळ्या उतरल्या! पुढे गोळ्यांवर निर्बंध आले, तशी माणसं हेरॉइनकडे वळली आणि तिथून फेंटानिलकडे, म्हणजे हेरॉइनहूनही कितीतरी जहाल अशा कृत्रिम औषधाकडे.

आता उताऱ्याचं ऐक. ही नशा सोडवायची औषधं मुख्यतः दोन, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. मेथाडोन सुरुवातीला बहुतेकांना रोज केंद्रावर जाऊन घ्यावं लागतं, आणि 2007 मध्ये राज्यानं नवीन केंद्रांनाच मनाई केली. होती ती नऊ. डोंगरातल्या माणसानं रोज पहाटे घाट उतरून जायचं कसं? एसटी इथे नाही. गाडी नसली की खेळ खलास. ब्युप्रेनॉर्फिन घरी नेता येतं, पण ते लिहून द्यायला डॉक्टरला वेगळा परवाना लागायचा. ती अट 2022 च्या शेवटी गेली. ऑक्सिकॉन्टिन लिहायला मात्र तो लागत नव्हता, हे लक्षात घे.

माझ्याकडे एक जुना खाणकामगार येतो. पहिल्या दिवशी टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, आला होता: जांभया, नाक गळतंय, हातांवर काटा. ब्युप्रेनॉर्फिन टर्की सुरू झाल्यावरच द्यायचं, आधी दिलं तर हाल दुप्पट. त्यानं घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं केलं, औषधाची पातळ पट्टी जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला होता. तासाभरानं त्यानं स्वतःहून सँडविच मागितलं.

पण चिठ्ठी घेऊन दुकानात गेला, तर माल नाही. नशेच्या गोळ्यांवरून खटले झाल्यापासून घाऊक विक्रेते या औषधालाही हात आखडता घेतात. मला सगळ्यात राग येतो तो याचा. त्यात घरचे म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय. त्यांनाच पुढच्या खेपेला बरोबर यायला सांगतो. सहसा येतात.

आता ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्याकाठी पोटाच्या कातडीखाली टोचायचं इंजेक्शनही आहे. लांबच्या माणसाला तेच बरं पडतं, खर्चाची सोय झाली तर.

तुझ्या तालुक्याला असा कुणी टर्कीतला पोरगा आला, तर तू त्याला कुठे पाठवतोस? पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत सगळेच पोचत असतील असं वाटत नाही. जिल्ह्याला ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का, तेवढं कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अज्या