सूचना : रायफलचे बेडिंग व नळीची बैठक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कारखान्यातून आलेल्या रायफलची अचूकता बेडिंगने, म्हणजे दस्त्यातील तिची बैठक पक्की करून, कशी सुधारता येते याचे प्रात्यक्षिक येत्या रविवारी सकाळी ७ वाजता आपल्या नागपूरच्या रेंजवर परवानाधारक कारागीर दाखवतील.

लाकडी दस्ता पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि मे महिन्यातील कोरड्या उन्हात आकसतो. त्यामुळे ॲक्शन (गोळी भरण्याची व झाडण्याची यंत्रणा) व नळीवरील दाब बदलत राहतो आणि नेम तोच असूनही लक्ष्यावरील गोळ्यांचा गट सरकतो किंवा पसरतो. ॲक्शन व दस्ता यांमधील पोकळी इपॉक्सीने भरून एकसमान बैठक मिळवणे, हाच बेडिंगचा हेतू आहे.

येण्यापूर्वी सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. ॲक्शनचे व दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासावेत. बऱ्याच तक्रारी येथेच मिटतात, असे आमचे मत आहे.

२. नळी व दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी व ती अडकल्यास जागा नोंदवावी. मात्र लाकूड घासू नये, कारण काही रायफलींत दस्त्याच्या टोकाशी नळीवर मुद्दामच दाब ठेवलेला असतो आणि घासलेले लाकूड परत येत नाही.

३. रायफल रिकामी, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढलेली व मूळ परवान्यासह आणावी. काडतुसे आणू नयेत.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायास परवाना लागतो. म्हणून सभासदांनी एकमेकांच्या रायफलींवर काम करू नये.

नावे शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.

– सचिव