डॉल्फिनपासून होडी किती लांब, हे ठरवा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

आमच्या सोलापूरला समुद्र नाही. म्हणूनच सुट्टी लागली की आम्ही गाड्या भरून कोकणात उतरतो, आणि तारकर्ली असो की हर्णै-मुरूड, ‘डॉल्फिन दाखवा’ म्हणून हट्ट धरतो. मीही धरला होता.

गेल्या दिवाळीत मालवणजवळ सकाळी निघालो. पाण्यावर एक राखाडी पाठ दिसली आणि सात-आठ होड्या इंजिनं ताणत तिकडे वळल्या. आईला चिकटून पिल्लू होतं. दोघं बुडाली की होड्या अंदाजाने पुढे जाऊन वाट अडवायच्या. वर आली की पुन्हा तेच. आमच्याच होडीतून ‘अजून जवळ घ्या’ असा ओरडा चालला होता. होडीवाल्या दादांना मी लांब थांबायला सांगितलं. ते म्हणाले, “ताई, मी थांबलो तर बाकीचे जातातच. आणि नीट दिसलं नाही की लोक पैसे परत मागतात.”

त्यांचं खोटं नाही. म्हणून हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला.

डॉल्फिन स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. इंजिनांच्या घरघरीत ते अवघड होतं. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि नेमकं तिथेच आपण त्याला गाठतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघासोबत आहे. न्यूझीलंडने १९९२ मध्येच नियम केला: ३०० मीटरच्या आत एका वेळी जास्तीत जास्त तीन नौका. तरीही तिथल्या कैकौरा गावात माओरी लोकांनी सुरू केलेला देवमासे दाखवण्याचा व्यवसाय उत्तम चालतो.

आपणही अंतर ठरवा, होड्यांची संख्या ठरवा. पाळी लावून द्या, म्हणजे नियम पाळणाऱ्याचा धंदा बुडणार नाही. ‘डॉल्फिन दिसेलच असे नाही, पैसे परत मिळणार नाहीत’ हे तिकिटावर ठळक छापा, कारण खरा दबाव आम्हा पर्यटकांचाच असतो.

आमच्या नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. लहानपणी वडिलांनी मला तो पक्षी माळावर चालताना दाखवला होता. माझ्या मुलीने तो फक्त फलकावर पाहिला आहे. मालवणचं ते पिल्लू मात्र तिने डोळ्यांनी पाहिलं. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा सुटतील, त्याआधी नियम व्हावेत, ही विनंती.

आपली,
सोलापूरची एक पर्यटक