‘कस्टम ट्यून’ म्हणून तयार फाइल विकल्याबद्दल तक्रार

दि. ५ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
परफॉर्मन्स कार ट्यूनिंग केंद्र, पुणे

विषय: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या स्टेज १ ट्यूनमधील सेवात्रुटी आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

१४ ऑगस्टला मी माझी गाडी तुमच्याकडे आणली. स्टेज १ चे, म्हणजे पार्ट न बदलता नुसत्या सॉफ्टवेअरने इंजिनाची ताकद वाढवण्याचे, ५४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६३,७२० रुपये त्याच दिवशी भरले. पावतीची प्रत सोबत आहे. तिच्यावर कामाचं वर्णन असं छापलंय: ‘कस्टम ईसीयू कॅलिब्रेशन, डायनो ट्यून्ड’. या पाच शब्दांपैकी ‘ईसीयू’, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, तेवढा खरा निघाला. बाकीच्या चारांबद्दल हे पत्र आहे.

आधी माझ्या बाजूचं सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला ते शोधत बसायला नको. ईसीयूला हात लावला की कंपनीची वॉरंटी जाते, हे मला माहीत होतं. माझी तशीही संपलेली होती. ट्यूनर निवडताना मी मोबाइलवरच्या व्हिडिओंवर भाळलो, सायलेन्सरमधून ठिणग्या उडताना बघून खूश झालो, हीसुद्धा माझीच चूक. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ही चूक करायला नको होती, पण केली. त्याचे पैसे मी मागत नाहीये.

तुमच्याकडे नेमकं काय घडलं ते आता सांगतो. ‘बारा वर्षांचा अनुभव असलेले आमचे ट्यूनर’ मला त्या दिवशी दिसले नाहीत. विशीतल्या एका मुलाने स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला केबल लावली, लॅपटॉपवर काहीतरी अपलोड केलं आणि ‘सर, चहा घेणार का?’ असं विचारलं. चहा चांगला होता. तो संपेपर्यंत लॅपटॉपवर इंजिनाच्या सेटिंगची फाइल आली. ती टाकण्याआधी एकदा आणि टाकल्यावर एकदा त्याने गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलर्सवर, पळवली आणि कागद माझ्या हातात दिला. एवढ्या वेळात मला एकही प्रश्न विचारला गेला नाही. कुठलं पेट्रोल टाकता, प्लग कधी बदलले, डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल कधी बदललं, गाडी शहरात जास्त चालते की घाटात, काहीच नाही. गाडीचे ६१,००० किलोमीटर झालेत हेही कुणी मीटरवर बघितलं नसावं.

स्क्रीनवर फाइलचं लांबलचक नाव होतं आणि त्यात ‘९८’ हा आकडा होता. मला वाटलं अनुक्रमांक असेल. तो पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

१८ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीला, आम्ही सासुरवाडीला साताऱ्याला निघालो होतो. गाडीत बायको, मुलगी आणि फराळाचे डबे. टाकीत नेहमीचं ९५ ऑक्टेन. खंबाटकीच्या चढावर एका ट्रकमागे गाडी वरच्या गिअरमध्ये अठराशे आरपीएमच्या आसपास रेंगाळत होती. ट्रक बाजूला झाला तसा मी ॲक्सिलरेटर दाबला. बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, गाडीने दोन हिसके दिले, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, पाठोपाठ ईपीसीचा (इंजिन नियंत्रणातल्या बिघाडाचा) दिवा लागला आणि गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे बचावासाठी तिने स्वतःच ताकद कमी केली. घाटात, वळणावर, मागे मालाने भरलेले ट्रक. मुलगी रडायला लागली. पुढचा प्रवास आम्ही भाड्याच्या गाडीने केला आणि आमची गाडी टो ट्रकवर चढून पुण्याला परतली.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. उत्तर मिळालं: ‘पेट्रोल खराब असेल सर, आपल्या ट्यूनमध्ये असं होतच नाही.’ दोन दिवसांनी गिअरबॉक्सचा दोष निघाला. चौथ्या दिवशी मेसेज आला की ‘९८ च्या वरचंच पेट्रोल वापरा’. हा मेसेज मी जपून ठेवलाय. पुण्यात १०० ऑक्टेन पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं. साध्या पेट्रोलपेक्षा ते बरंच महाग आहे, पण १४ ऑगस्टला सांगितलं असतं तर मी तेच टाकलं असतं, नाहीतर ट्यूनच केला नसता. तुमच्याकडचा साधा कारकूनही हा प्रश्न विचारू शकला असता. त्याला ट्यूनर असावं लागत नाही.

त्यानंतर मी गाडी दुसऱ्या एका ट्यूनरकडे नेली. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण तुम्ही त्यांना फोन कराल. गॅरेज लहान आहे आणि पाटी रंगवायची राहिली आहे. त्यांनी पहिल्या दिवशी ट्यून करायला चक्क नकार दिला. आधी कोड वाचला: पी०३०३, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिश्रण नीट पेटत नव्हतं. प्लग काढले तेव्हा तिसऱ्याचं चिनीमातीचं इन्सुलेटर तडकलेलं निघालं. कॉम्प्रेशन मात्र चारही सिलिंडरमध्ये ठीक आलं. ‘नशीब समजा,’ एवढंच ते म्हणाले. मग नवे प्लग आणि कॉइल टाकून, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्याच ॲक्सिलरेटरवर त्यांनी लॉग, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांची नोंद, घेतला. तेवढ्यातही तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्कचं टायमिंग ईसीयू स्वतःहून सहा अंशांपर्यंत मागे ओढत होता. म्हणजे तुमच्या फाइलने जे मागितलं, ते या पेट्रोलवर देता येत नाही असं इंजिन स्वतः सांगत होतं, पण ऐकायला कुणी बसलं नव्हतं. कमी आरपीएम, चढ आणि टर्बोचा पूर्ण दाब एकत्र आले की अशा डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात मिश्रण कधीकधी स्पार्कच्या आधीच पेटतं. यात पिस्टनची रिंगलँड (रिंग बसते ती कड) तुटायला एकच झटका पुरतो, हेही मला तिथेच कळलं.

तुमच्या डायनोच्या कागदाकडे त्यांनी क्षणभर बघितलं आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ट्यूनच्या आधीच्या रनला करेक्शन फॅक्टर १.००, नंतरच्या रनला १.०६. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे विरळ हवेची भरपाई म्हणून असा गुणक लावतात, हे मान्य. पण टर्बो गाडीचा ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोचा दाब) गाठायला स्वतःच धडपडत असतो, म्हणून तिथे हा गुणक पूर्ण लावणं आधीच वादाचं. आणि लावायचाच तर दोन्ही रनना लावा! कागदावरच्या २९७ हॉर्सपॉवरला १.०६ ने भागलं तर २८० येतात. सतरा हॉर्सपॉवर तुम्ही इंजिनातून काढले नाहीत, प्रिंटरमधून काढले.

गिअरबॉक्सचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. ही गाडी कारखान्यातून २३० हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन येते. तिच्यातल्या सहा गिअरच्या डीएसजीची ठरवून दिलेली मर्यादाही साधारण तेवढीच आहे. तुम्ही टॉर्क ४२० वर नेल्याचं कागदावर लिहिलंय, पण गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरला हातही लावलेला नाही. उद्या क्लच घसरायला लागले तर त्या दोषाचा उगम कुठे आहे, हे आपण दोघेही जाणतो.

मूळ फाइल परत टाकून द्या, असं मी तुम्हाला २५ ऑक्टोबरला लेखी कळवलं. उत्तर आलं की फाइल ‘मास्टर ट्यूनर’ची मालमत्ता आहे आणि तो परदेशात असतो. तुमचं टूल स्लेव्ह आहे, म्हणजे तुम्ही फाइल उघडू शकत नाही, बदलू शकत नाही, फक्त मागवून गाडीत टाकू शकता, हे तेव्हा उलगडलं. माझ्या ईसीयूतली फाइलही तुम्ही वाचली नव्हती. नुसता सॉफ्टवेअर नंबर पाठवून त्या नंबरची तयार फाइल मागवली होती. हा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ‘तयार फाइल, अमुक पेट्रोलसाठी’ असं लिहून तुम्ही ती वीस हजाराला विकली असती तर मी विचार करून हो किंवा नाही म्हटलं असतं. तुम्ही मात्र ‘कस्टम’ लिहून अनुभवी माणसाच्या नजरेचे पैसे घेतलेत आणि ती नजर माझ्या गाडीवर पडलीच नाही.

त्या दुसऱ्या ट्यूनरने तपासणीचे ३,५०० घेतले. गाडीत त्यांनी मूळ सॉफ्टवेअर परत बसवलंय. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनाच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, किती सरकलेत ते बघू, डीएसजीचं तेल बदला, महिनाभर अशीच चालवा, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं आहे. मी थांबलोय.

माझी मागणी अशी. ट्यूनचे ६३,७२० रुपये पूर्ण परत करावेत. त्याशिवाय प्लग, कॉइल, टो ट्रक आणि तपासणी मिळून झालेला २६,८०० रुपयांचा खर्च द्यावा, बिलं सोबत आहेत. भाड्याच्या गाडीचे पैसे आणि सासऱ्यांचे टोमणे मी सोडून देतो. जाहिरातीतून आणि पावतीवरून ‘कस्टम’ हा शब्द काढावा, किंवा तो खरा करून दाखवावा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे, पण मला एवढा वेळ लागणार नाही, कागद सगळे तयार आहेत.

‘सर, एकदा गाडी घेऊन या, बघून घेऊ’ असा फोन कृपया करू नये. गाडी येणार नाही.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे