फिश फिंगरच्या डब्यावर एक ओळ वाढवा की साहेब

मा. कोस्तास कादिस साहेब,
मत्स्यव्यवसाय कमिशनर, युरोपियन कमिशन

नमस्कार. मी मूळची मालवणची, सध्या ब्रेमेनला असते. इथे ताजा मासा रोज परवडत नाही, म्हणून फ्रीझरवर भागवते.

तुमच्या आकडेवारीत देशवार फ्रोझन माशांचं 'उत्पादन' असतं ना, त्या शब्दावरूनच माझं डोकं फिरतं. स्पेनचं पटतं, विगोच्या बोटी पार फॉकलंड-नामिबियापर्यंत जातात, हेक मासा नि स्क्विड बोटीवरच गोठवून आणतात. पोलंडवाले नॉर्वेचा सामन मासा आणून त्यावर प्रोसेसिंग करतात. आणि आमचं जर्मनी? ब्रेमरहाफेनला फिश फिंगरचे कारखाने आहेत पण आतला मासा बहुतेक वेळा अलास्का पोलॉक, म्हणजे पॅसिफिकच्या उत्तरेचा, त्यातला काही रशियाने पकडलेला, चीनमध्ये वितळवून फिले, म्हणजे काटा काढलेले तुकडे, काढून परत गोठवलेला. त्या फिलेच्या साडेसात किलोच्या गोठलेल्या लाद्या येतात, त्या न वितळवताच करवतीने कापायच्या, पिठात घोळवायच्या, ब्रेडक्रम्ब लावायचे, तेलातून पटकन काढायच्या, वरचं कवच शिजतं नि आत बर्फ तसाच. की झालं जर्मन उत्पादन!

ह्यात गैर काही नाही. युरोपियन युनियनमध्ये खपणाऱ्या माशांपैकी ४० टक्क्यांच्या आतच इथले असतात, बाहेरून आणावेच लागणार.

पण साध्या फ्रोझन फिलेवर मासा कुठल्या समुद्रातला, कशाने पकडला, सगळं छापायची सक्ती तुमच्याच २०१३ च्या कायद्यात आहे, आणि त्यालाच ब्रेडक्रम्ब लावले की सक्ती गायब! हे काय लॉजिक? काही कंपन्या स्वतःहून एफएओ ६१ किंवा ६७ असा समुद्राच्या भागाचा नंबर बारीक अक्षरात छापतात, बाकीच्या गप्प. २०२४ पासून रशियन मासा तुम्ही आयात ड्युटीच्या सवलतीतून काढलात, बरं केलंत, पण डबा हातात घेतल्यावर मला ते कळणार कसं? आमच्याकडे बाजारात कोळीण कल्ला उघडून दाखवते, इथे उघडायला कल्लाच नाही.

२०२९ पासून अशा मालाचाही डिजिटल माग ठेवावा लागणार आहे म्हणे. म्हणजे माहिती जमा होणारच, फक्त ती तुमच्या नि कंपनीच्या कॉम्प्युटरात. तीच डब्यावर आणा, कुठे पकडला, कुठे कापला, किती वेळा गोठवला, बस.

आणि जागा नाही असं कंपन्या म्हणाल्या तर ऐकू नका, चित्रातल्या त्या दाढीवाल्या कॅप्टनला अर्धा डबा दिलाय त्यांनी.

तुमची,
ब्रेमेनची एक मालवणी