सही प्राचार्यांची, बंदी मात्र पोरावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘बोगस’, म्हणजे नुसता कागदावर विद्यार्थी असलेला, खेळाडू उतरवल्याच्या संशयाची चार ओळींची बातमी आपल्याकडे अधूनमधून येते. एखाद्या पोराचं नाव छापून येतं, त्याच्यावर बंदी येते, संघ बाद होतो आणि पुढच्या हंगामात तेच महाविद्यालय नवी पोरं घेऊन मैदानावर हजर असतं. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. टीसी, मायग्रेशन, परीक्षेचे अर्ज, सगळे कागद माझ्या टेबलावरून जात. तेव्हा मैदानावरचं राहू द्या, टेबलावरचं सांगतो.

बाहेरून आणलेला खेळाडू ओळखायला त्याची फाइल पुरते. प्रवेश अगदी शेवटच्या तारखेला, बहुधा बी. ए. प्रथम वर्षाला. बारावी होऊन चार-पाच वर्षं झालेली, मधल्या खंडाचं शपथपत्र जोडलेलं. पावती पोराच्या नावाची, पैसे भरणारा माणूस दुसराच. तीन अर्जांवर मोबाइल नंबर एकच. यातलं बरंचसं नियमात बसतं, शिक्षणात खंड पडणं हा काही गुन्हा नाही. गोम पुढे आहे. हजेरीपटात तो असतो, वर्गात नसतो. तासावरच्या सरांना विचारलं की म्हणत, ‘‘हा कोण बाप्पा? म्या त पाह्यलाच नाही याले!’’ परीक्षेचा अर्ज मात्र न चुकता भरला जातो. पेपरला कोणी येत नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचा नियम सरळ आहे. खेळाडू पूर्णवेळ नियमित विद्यार्थी हवा, वय १७ ते २५ च्या आत हवं आणि तो कुठे पूर्णवेळ नोकरीला नसावा. पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का लागतो. म्हणजे खोटं पुढे सरकतं ते प्राचार्यांच्या सहीने. मग बंदी एकट्या पोरावर कशी?

हा खटाटोप नुसत्या चषकासाठी चालतो असं लोकांना वाटतं. पण महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली विद्यार्थ्यांची खेळातली पदकं मोजतात. त्या रकान्यात काहीतरी दिसावं म्हणून किती धावाधाव होते, ते ती फाइल लावणाऱ्यालाच ठाऊक. खेळाडूच्या पदरात पडते चौघांत एक खोली, दोन वेळचं जेवण आणि मॅचमागे थोडे पैसे. विद्यापीठाच्या संघात येऊन ‘कलर’ (विद्यापीठाकडून खेळल्याचा मान) मिळाला तर आंतरविद्यापीठ स्पर्धेचं प्रमाणपत्र हाती येतं आणि केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या खेळाडू कोट्यात फॉर्म ३ भरता येतो. रेल्वेत लागायचं स्वप्न पाहणाऱ्या मोहननगरच्या आणि कामठीच्या पोरांना विचारा, या कागदाचं मोल काय ते.

आणि डावलली जातात ती हीच पोरं. कामठीचा एक मुलगा आमच्याकडे होता, उजव्या बगलेवरून खेळायचा. पहाटेची बस धरून सरावाला यायचा, तिथून अंग पुसून थेट तासाला. हंगामाच्या तोंडावर दोन नवे चेहरे आले आणि हा राखीवमध्ये गेला. त्याची आई कार्यालयात येऊन विचारत होती, ‘‘साहेब, पोराचं काही चुकलं का?’’ काय सांगणार तिला! याच शहरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. त्यांना परराज्यातून स्ट्रायकर मागवावा लागला नाही.

माझा पुतण्या अमेरिकेत डॅलसला असतो. तिथल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची हकिगत मी त्याच्याकडून ऐकली आणि मग शोधून वाचली. (त्यांचं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळणं, ते असो.) खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल या विद्यापीठावर आधीच कारवाई चालू होती, तरी १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर पोचवले गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने त्या वर्षीचा पूर्ण हंगामच रद्द केला. पुढच्या वर्षी विद्यापीठ स्वतःहून खेळलं नाही. टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स आधी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पैसे चालू ठेवायला आपली संमती होती, हे त्यांना जाहीर कबूल करावं लागलं. खेळाडूंना मात्र दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळायची मुभा मिळाली. शिक्षेची ही वाटणी मला पटते. संघ १९८९ ला मैदानात परतला, पण हंगामाअखेरचा मानाचा बाउल सामना पुन्हा खेळायला २००९ उजाडलं.

पुढे तिथे नियमच पालटले. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिराती करून कमावू शकतात आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, आणि नाही तेच बरं. पण चांगल्या खेळाडूची फी माफ करायची, त्याला वसतिगृह द्यायचं, तर उघड द्या ना. परगावचा असला तरी चालेल, मणिपूरचा असला तरी चालेल. तो वर्गात बसला पाहिजे आणि पेपरला आला पाहिजे, एवढंच. सध्या त्या परगावच्या पोराचीही फसवणूकच होते. हंगाम संपला की खोली खाली करायला सांगतात. वर्ष वाया जातं, हाती गुणपत्रिकासुद्धा नसते.

हरकत घ्यायची सोय आहे, पण लेखी, ठरलेल्या वेळेत आणि पैसे भरून. फेटाळली तर पैसे गेले. लहान महाविद्यालयं त्या भानगडीत पडत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक संघाची यादी प्रवेशाच्या तारखेसह सामन्याआधी फलकावर लावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत क्लबच्या खेळाडूंची नोंद असते, तिच्याशी ही यादी ताडून पाहायला एका कारकुनाला एक दुपार पुरेल. ज्या महिन्यात पोरगा दुसऱ्या राज्याच्या लीगमध्ये खेळतोय, त्याच महिन्यात तो नागपुरात तासाला बसतो कधी? आणि यादी खोटी निघाली तर दोन वर्षं त्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ बंद ठेवा. त्यातल्या खऱ्या विद्यार्थ्यांना दुसरीकडून खेळू द्या.

आपल्या वार्ताहराला एक विनंती. अंतिम सामन्याचा फोटो काढायला जाल, तेव्हा दोन्ही महाविद्यालयांच्या कार्यालयात जाऊन त्या अकरा-अकरा जणांची हजेरी आणि मागच्या परीक्षेचा निकाल मागा. दाखवला तर छापा, नाही दाखवला तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक
मोहननगर, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)