लेकरांच्या केसा

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "लेकरांच्या केसा किती दिवस चालवणार? जमिनीच्या घे, वाटणीच्या घे, चार पैसे दिसतील." समोर पक्षकार बसले होते, म्हणून मी विषय टाळला. आता निवांत लिहिते.

पैसे दिसत नाहीत, हे खरंच. माझ्यासोबत माणिकचंद पहाडे कॉलेजात शिकलेले कितीतरी जण आज खंडपीठात दिवाणी बघतात आणि मोठ्या गाड्या फिरवतात. पण बाबा, बीड जिल्ह्यात बांधाच्या भांडणाला वकील मिळतो. आई-बापाच्या मागं ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या पोरीचं नाव पटावरून का गेलं, हे विचारायला मात्र कुणी येत नाही.

आईला वाटतं मी रोज काळा कोट घालून भांडते. माझा बराचसा वेळ बालकल्याण समितीसमोर जातो, म्हणजे निराधार, अडचणीतल्या लेकरांचे निर्णय घेणाऱ्या समितीसमोर. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, पण 2015 च्या बाल न्याय कायद्यानं त्यांना प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत. तिथं मोठ्यानं बोलणारा वकील कामाचा नसतो. लेकरू आधीच भेदरलेलं असतं. ते बोलेपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आता शेजारच्या वहिनीच्या धाकट्याचं. त्यांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, आगाऊ पैसे घेतलेत म्हणजे जावं तर लागणारच. शाळा टीसी देत नसेल तर हेडमास्तरांना सांगा की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे ती लगेच द्यावी लागते. उशीर झाला तरी कारखान्याजवळची शाळा तेवढ्यासाठी प्रवेश अडवू शकत नाही. जन्मदाखला नाही म्हणूनही नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या; तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसतं. आणि आजी गावातच राहणार असेल तर लेकराला नेऊच नका म्हणावं. शाळा व्यवस्थापन समितीकडं हंगामी वसतिगृहाची चौकशी करा.

थोरलीची काळजी जास्त आहे. शिक्षण हक्काचा कायदा 14 व्या वर्षी हात काढून घेतो, आणि नेमकं तेव्हाच घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. पोरगी एकटी कुठं ठेवायची, ही वहिनीची भीती खोटी नाही. म्हणून तिला नुसता कायद्याचा धाक दाखवू नका, ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीच्या शासकीय वसतिगृहाचं बोला. मी अर्ज भरून देते. तरीही लग्न ठरलंच, तर ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 1098 या लेकरांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कुणीही करू शकतं. लग्न लावणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. आई, पत्रिका आली तर अक्षता टाकायला निघू नकोस, आधी मला फोन कर.

बाबा, तुम्ही विचारता, यातून बदलतं काय? फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं शिक्षण हक्काचा नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा 1 किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला गरिबांच्या लेकरांसाठी राखून ठेवायच्या 25 टक्के जागांतून सूट! जुलैत उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. त्या प्रकरणात मी नव्हते, पण माझ्याकडं येणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग झाला.

गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. दिवाळीला येतेय, तेव्हा वाटणीच्या केसांचं बोलू. एखादी घेईनही, ऑफिसचं भाडं निघायला.

तुमची,
ताई