‘नेट गेले’ म्हणताना कुठे गेले तेही पाहावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धांविषयी पालकांची एक तक्रार सध्या माझ्या कानावर सतत येते आहे. मुलगा किंवा मुलगी चांगली खेळत असते, मध्येच पडद्यावर जोडणी तुटल्याचा संदेश येऊन चक्र फिरू लागते, घड्याळ मात्र चालूच राहते आणि हातात असलेला डाव वेळ संपून जातो. मी सांगलीत गेली अनेक वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवतो. या तक्रारीकडे ‘रेंजचा प्रॉब्लेम’ म्हणून दुर्लक्ष करणे मला पटत नाही, कारण त्यात मुलांचे गुण तर जातातच, पण कित्येकदा त्यांच्या प्रामाणिकपणावरही बोट ठेवले जाते.

माझ्या वर्गातल्या एका बारा वर्षांच्या मुलीचेच उदाहरण देतो. रविवारी संध्याकाळची फेरी होती आणि तिच्याकडे एक हत्ती व दोन प्यादी, तर समोरच्याकडे हत्ती व एकच प्यादे होते. दोन मिनिटे शिल्लक असताना तिने हत्ती उचलला आणि तो पटावर तसाच अधांतरी राहिला. जोडणी परत आली तेव्हा डाव संपलेला होता. तेवढ्यावर भागले नाही. स्पर्धेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी लिहिले, ‘हरायला लागली की यांचे नेट जाते.’ त्यानंतर दोन आठवडे ती वर्गात आली नाही. जिंकत आलेला डाव जाण्याचे दुःख खेळाडू पचवतो, पण खोटारडेपणाचा आरोप त्या वयात पचत नाही.

तिच्या वडिलांनी आपल्या परीने उपाय केला होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पन्नास एमबीपीएसची योजना बदलून शंभरची घेतली आणि दरमहा जास्त पैसे भरू लागले. फरक काहीच पडला नाही, आणि पडणारही नव्हता. बुद्धिबळाची एक चाल म्हणजे ‘हत्ती या घरातून त्या घरात’ एवढाच निरोप असतो. त्याला मोजक्या अक्षरांइतकीच जागा लागते. चित्रपट उतरवून घ्यायला वेग लागतो, डाव खेळायला लागते ते सातत्य. निरोप किती वेळात पोहोचून उत्तर परत येते, तो वेळ स्थिर राहतो की मागेपुढे होतो आणि मध्ये काही निरोप हरवतात का, हे तीन प्रश्न खेळासाठी वेगापेक्षा महत्त्वाचे आहेत.

हा निरोप घरातल्या लॅपटॉपवरून वायफायने राउटरकडे जातो, तिथून फायबरच्या, म्हणजे काचतंतूच्या, तारेने खांबावरच्या पेटीत, तिथून सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत आणि पुढे खेळाच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य संगणकापर्यंत. सर्व्हर मुंबईत असेल तर सांगलीहून अंतर चारशे किलोमीटरच्या आत आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असल्याने नुसत्या अंतराचा जाऊन-येऊन वेळ चार मिलिसेकंदांच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या) आसपास भरतो. सर्व्हर सिंगापूर किंवा युरोपात असेल तर हा वेळ अर्थातच वाढतो, पण वाढलेला तरी स्थिर असलेला वेळ बुद्धिबळात चालून जातो. घात होतो तो वाटेत कुठेतरी धागा तुटल्यामुळे, आणि तो नेमका कुठे तुटला हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

मी त्या मुलीच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा माझा पहिला अंदाज चुकला, हे सांगितले पाहिजे. राउटर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये काचेआड ठेवलेला होता आणि मुलगी आतल्या खोलीत बसून खेळत असे. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट असल्याने दोष वायफायचाच, असे मी धरून चाललो. राउटर बाहेर काढून उंचावर ठेवला आणि लॅपटॉपला थेट लॅनची तार जोडली. पहिला अर्धा तास सगळे सुरळीत चालले. मग दिवेलागणीच्या सुमारास जोडणी पुन्हा तुटली.

मी लॅपटॉपच्या पडद्यावर पिंगच्या, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येते ते दाखवणाऱ्या, दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या होत्या. एकीत लॅपटॉप दर सेकंदाला घरच्याच राउटरला हाक मारत होता, दुसरीत बाहेरच्या एका नेहमीच्या सार्वजनिक पत्त्याला. जोडणी गेली त्या क्षणी राउटरचे उत्तर पूर्वीसारखेच एका मिलिसेकंदाच्या आत येत होते, पण बाहेरच्या खिडकीत एकामागून एक ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या, म्हणजे उत्तर न आल्याच्या, ओळी उमटू लागल्या. म्हणजे घरातला भाग शाबूत होता आणि बिघाड राउटरच्या पलीकडे होता. राउटरकडे पाहिले तर एरवी विझलेला लाल दिवा लुकलुकत होता. फायबरमधून येणारा प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, असा त्या दिव्याचा अर्थ.

कारण सापडले ते घराच्या खिडकीत. बाहेरून येणारी बारीक काळी तार सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेली होती. नदीकाठच्या भागात संध्याकाळी डास फार, म्हणून मुलीची आई रोज दिवे लागले की खिडकी ओढून घेत असे. खिडकी लागली की तार चौकटीत दाबली जाऊन वाकडी होई. काचतंतू जास्त वाकला की त्यातला प्रकाश कडेने बाहेर निसटतो. राउटरच्या माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. ती खिडकी उघडी असताना उणे २३ डीबीएम होती आणि बंद केल्यावर उणे २९ झाली. सहा डेसिबलची घट म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशावर येणे, आणि साधारण उणे २७ च्या खाली अशी घरगुती यंत्रे तग धरत नाहीत.

आता यातली गोम पाहा. मुलीच्या वडिलांनी सेवा देणाऱ्याकडे दोनदा तक्रार केली होती आणि दोन्ही वेळा माणूस येऊनही गेला होता, पण सकाळी अकराला. तेव्हा खिडकी उघडी असे, लाल दिवा विझलेला असे, वेग पुरेपूर भरे आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ असे सांगून तक्रार बंद होई. त्या माणसाने कामात कुचराई केली असे मी म्हणणार नाही. पण तक्रार संध्याकाळची आणि तपासणी सकाळची, यात दोष सापडणार तरी कसा?

प्रत्येक घरात खिडकीच असेल असे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचा डाव मोबाइलवर खेळताना नेमका फोन आला की तुटे. त्याच्या फोनमध्ये दोन सिमकार्डे होती, एकावर इंटरनेट आणि दुसऱ्यावर घरच्यांचे फोन. अशा अनेक फोनमध्ये एका कार्डावर बोलणे सुरू झाले की दुसऱ्यावरचे इंटरनेट थांबते. स्पर्धेच्या वेळी दुसरे कार्ड बंद ठेवायला सांगितले आणि प्रश्न मिटला. आणखी एका घरी जुन्या संगणकावर खेळाचे पानच उघडेना. जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना येई आणि इंटरनेट तर चालू दिसे. आतली रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपल्याने त्या संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात, म्हणून तारीख चुकली की सर्व्हरवर विश्वास ठेवायला संगणक नकार देतो. नवी बॅटरी घालून तारीख लावली आणि डाव सुरू झाला. वीज जाण्याविषयी वेगळे सांगायला नको. घरात इन्व्हर्टर असतो, पण राउटरचा प्लग त्यावर घेतलेला नसतो, एवढे तरी प्रत्येकाने आजच पाहून घ्यावे.

कधी दोष खरोखरच घराबाहेर, आपल्या आवाक्यापलीकडे असतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखाली भारत रशियाविरुद्ध खेळत होता. पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि दोघांचेही डाव वेळ संपल्याने गेले. त्या दिवशी इंटरनेटमध्ये जगभर बिघाड झाला होता व अनेक देशांना त्याचा फटका बसला होता. हे स्पष्ट असल्याने जागतिक बुद्धिबळ संघटनेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवले. मात्र त्याच स्पर्धेच्या उपउपांत्य फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूची जोडणी भारताविरुद्धच तुटली होती. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि त्या संघाने स्पर्धा सोडली. भारतीय म्हणून मला आनंद झाला, पण शिक्षक म्हणून त्या खेळाडूची आठवण अजून येते. धागा कुठे तुटला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पदक अवलंबून राहिले.

म्हणून स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. जोडणीची जबाबदारी खेळाडूची, हा नियम बहुतेक ऑनलाइन स्पर्धांत असतो आणि तो मोडावा असे माझे म्हणणे नाही. समोरच्या मुलाचा वेळही तेवढाच मोलाचा आहे. पण फेरी ज्या वेळी होणार त्याच वेळी, आदल्या दिवशी, बिनगुणांची चाचणी फेरी ठेवावी, म्हणजे संध्याकाळचा दोष संध्याकाळीच दिसेल. जोडणी तुटल्यावर कोणाला, किती मिनिटांत आणि कोणत्या पुराव्यासह कळवायचे हे आधीच लेखी द्यावे. आणि स्पर्धेच्या गटावर कोणत्याही मुलावर पुराव्याशिवाय शंका घेतली गेली तर पंचांनी ती तिथेच थांबवावी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे करून ज्या सांगली गावात बुद्धिबळ रुजवले, त्या गावाकडून एवढी अपेक्षा करणे जास्तीचे होणार नाही.

फायबर सेवा देणाऱ्यांनीही तक्रार घेताना ‘केव्हा तुटते’ हा प्रश्न आवर्जून विचारावा आणि माणूस त्याच वेळेला पाठवावा. पालकांनी तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणे बंधनकारक आहे आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तक्रारीसोबत तारीख, वेळ, लाल दिव्याचा फोटो आणि पिंगच्या दोन्ही खिडक्यांचे छायाचित्र दिले, तर ‘आमच्याकडून ओके’ हे उत्तर देणे अवघड होते.

त्या मुलीच्या घरी आता भिंतीला भोक पाडून तार आत घेतली आहे. खिडकी लावूनही आकडा उणे २३ वरच राहतो. वडिलांनी पुन्हा पन्नासची योजना घेतली आहे आणि मुलगी मागच्या बुधवारपासून वर्गात येऊ लागली आहे. ज्या गटावर ते वाक्य लिहिले गेले, तिथे मी सगळी हकिगत छायाचित्रांसह टाकली आहे. लिहिणाऱ्याने अजून काही म्हटलेले नाही. त्यांनी तिची क्षमा मागावी, अशी माझी या पत्रातून जाहीर विनंती आहे.

आपला नम्र,
एक बुद्धिबळ प्रशिक्षक,
गावभाग, सांगली